नाणी बदलून मिळणार नाहीत

१

परदेशी निघालेल्या माणसाला इंद्रजीत चार गोष्टी सांगायचा, आणि त्या सांगितल्याशिवाय त्याला खुर्चीवरून उठू द्यायचा नाही. सगळे पैसे एका जागी ठेवायचे नाहीत. कमरेचा पाऊच चारचौघांत उघडायचा नाही. लागतील तेवढे पैसे आडोशाला जाऊन आधीच काढून ठेवायचे. आणि परत निघताना उरलेली नाणी तिकडेच खर्चून यायची, कारण नोटा तो परत घेईल, नाणी घेणार नाही.

छावणीच्या रस्त्यावर, औषधांच्या दुकानाच्या माथ्यावर, पहिल्या मजल्यावर त्याचं परकीय चलन बदलून देण्याचं दुकान होतं. अठरा वर्षं झाली होती. मध्ये जाड काच, काचेला खाली अर्धचंद्राच्या आकाराचं भोक, भोकाखाली पितळेची उथळ खोबण. इकडून नोटा सरकवायच्या, तिकडून उचलायच्या. काचेवर त्याच्याच हातची पाटी होती: नाणी बदलून मिळणार नाहीत.

त्या दिवशी नानासाहेब आले होते. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, मंडळाच्या सहलीबरोबर बँकॉकला निघालेले.

"बायकोनं चड्डीला चोरखिसा शिवून दिलाय," आवाज खाली आणून ते म्हणाले. "पण बाजारात उभं राहून त्यातनं पैसे काढायचे कसे, ते काही तिनं सांगितलं नाही."

दुसऱ्या काउंटरवरची योगिनी तोंडावर ओढणी धरून हसली. "सर, तुम्ही दुकानदाराला म्हणायचं, जरा तिकडं बघा."

"मला आयुष्यभर पोरांनी 'बाहेर जाऊ का' विचारलं. आता तिथं मी विचारायचं म्हणता?"

इंद्रजीतही हसला. एप्रिलपासून तो फारसा हसत नव्हता, त्यामुळे योगिनीने लगेच त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

दोन वाजता योगिनी जेवायला घरी गेली. इंद्रजीतने दाराला आतून कडी घातली आणि काउंटरवरच डबा उघडला. तीन वाजता ती परत आली, आपल्या जागी जायला निघाली आणि मध्येच थांबली.

"सर, हे कुणी ठेवलं?"

खोबणीत एक नाणं होतं. पिवळं, मध्ये गोल भोक असलेलं. जपानचं पाच येनचं.

"मघाशी कुणाचं तरी राहिलं असेल," तो म्हणाला.

"नानासाहेबांनंतर मी पुसली की खोबण." तिने नाणं उचललं आणि बोटं एकमेकांवर चोळली. "कुंकू लागलंय याला."

२

पाच येनची सगळी नाणी सारखीच दिसतात. अजिंठ्याला येणारे जपानी प्रवासी ती जाताना काउंटरवर ठेवून जातात. इंद्रजीतने स्वतःला हे दोनदा सांगितलं.

अशी राहिलेली नाणी तो एका बिस्किटाच्या डब्यात टाकायचा. थायलंडची, दुबईची, सौदीची, युरोपातली. मार्चमध्ये तो डबा त्याने गाडीच्या डिकीत ठेवला होता. लासूर स्टेशनजवळच्या त्यांच्या गावच्या शाळेतल्या मुलांना दाखवायला न्यायचा होता. मग त्याची बायको मेघा आजारी पडली. तीन आठवड्यांत सगळं संपलं आणि डबा डिकीतच राहिला.

मेघा अहेव गेली. नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईचं गावात सगळं रीतीने करतात. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू, ओटी. तिरडी उचलायच्या वेळी चुलतभाऊ कडुबा लाह्यांचं सूप घेऊन ओरडला, "अरे, उधळायला चिल्लर आणा! चिल्लर कुणापशी हाये?"

माणसांनी खिसे चाचपले. दीडशे माणूस जमलं होतं आणि कुणाकडे सुटा रुपया नव्हता. चहासुद्धा फोनवरून पैसे देऊन पिणारी सगळी माणसं.

"वाटखर्ची न देता धाडता का बाईला?" कडुबा म्हणाला.

इंद्रजीत तीन रात्री झोपला नव्हता. "डिकीत डबा आहे बघ चिल्लरीचा," तो म्हणाला होता. तोच म्हणाला होता. कडुबाने मुठी भरभरून लाह्यांत कालवल्या आणि वाटभर उधळल्या. नाणी परदेशी आहेत हे कुणी पाहिलं नाही. इंद्रजीतला मात्र स्मशानात दिसलं. तिच्या गळ्याच्या खळगीत एक पिवळं, मध्ये भोक असलेलं नाणं येऊन बसलं होतं. चितेवर ठेवतानाही ते तिथेच होतं. एखाद्या मण्यासारखं दिसत होतं. त्याला ते काढावंसं वाटलं नाही.

योगिनीने नाणं पुसून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर जरुरीपेक्षा जोरात लावला.

३

दुसऱ्या दिवशी तीन वाजता खोबणीत थायलंडचं दहाचं नाणं होतं. तिसऱ्या दिवशी दुबईचा एक दिरहम. प्रत्येकावर कुंकवाचा डाग, आणि एकाच्या कडेला अर्धी जळलेली लाही चिकटलेली.

"सर, कुणीतरी मस्करी करतंय तुमची," योगिनी म्हणाली. तिच्या आवाजात मस्करी नव्हती. "कॅमेरा बघा ना."

नियमाप्रमाणे दुकानात कॅमेरा होता, काउंटर आणि गिऱ्हाइकाची खुर्ची दोन्ही दिसतील असा. पाचव्या दिवशी संध्याकाळी योगिनी गेल्यावर इंद्रजीतने आदल्या दुपारचं चित्रण लावलं.

दोन वाजून एकवीस मिनिटं. तो जेवतोय. समोरची खुर्ची रिकामी. दाराला कडी. दोन चोवीसला चित्रातल्या इंद्रजीतने हातातला घास खाली ठेवला आणि मान वर केली. समोर बघून तो काहीतरी बोलला. उत्तर ऐकत असल्यासारखा थांबला. पुन्हा बोलला. मग हसून मान हलवली आणि एका बोटाने खोबणीतलं काहीतरी पलीकडे सरकवलं. चार मिनिटं हे चाललं. नंतर त्याने घास उचलला आणि जेवू लागला.

त्याला यातलं काहीही आठवत नव्हतं. आदल्या दुपारी भाजीत मीठ कमी आहे, एवढंच त्याच्या मनात आल्याचं आठवत होतं.

झापड आली असेल. झोपेत माणसं चालतात, बोलतात. त्याने चित्रण मागे नेलं आणि ओठांकडे पाहत राहिला. आवाज नव्हता, पण शब्द ओळखायला आवाज लागला नाही. अठरा वर्षं तो तेच बोलत आला होता. नाणी घेत नाही आपण.

मग त्याने पाचही दिवसांचं चित्रण ओळीने पाहिलं. पहिल्या दिवशी तो चार वाक्यं बोलला होता. पाचव्या दिवशी तो पुढे झुकून, हनुवटी तळव्यावर टेकून, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बोलत असेल तसा बोलत होता. प्रत्येक वेळी शेवटी मान हलवून नाणं परत सारत होता. आणि प्रत्येक वेळी, तो पुन्हा जेवायला लागल्यावर, समोरच्या खुर्चीची दबलेली गादी सावकाश वर येत होती.

४

मुकुंदवाडीच्या घरात सायलीच्या जाण्याची तयारी चालली होती. जर्मनीत दोन वर्षांचं शिक्षण. तेवीस वर्षांची एकुलती एक मुलगी. सोमवारी संध्याकाळचं विमान होतं.

"कार्ड एकीकडे, नोटा दुसरीकडे. शंभर युरो तिसरीकडे, ते आहेत हे विसरूनच जायचं," इंद्रजीत सांगत होता.

"पप्पा, तुमचं चाललं असतं तर तुम्ही मलाच पाकिटात घालून, लाखेचं सील मारून पाठवलं असतं."

"त्याचाही दर काढला होता. परवडेना."

ती हसली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून क्षणभर तशीच राहिली. आई गेल्यावर ही मुलगी एकदाही त्याच्यासमोर रडली नव्हती. तिने जावं, नीट पोचावं, शिकावं, यापलीकडे त्याला आता काही नको होतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

शनिवारी तो दुपारीच घरी आला. सायली बँकेत गेली होती. त्याची आई, द्वारकाबाई, पलंगावर पाय पसरून बसली होती.

"इंद्रा, पोरीच्या खोलीत दुपारचं कोण असतंय रं?"

"कुणी नाही. का?"

"मग ती चेन कोण वढतंय? दोन दिस झालं, ऐकायलेय मी."

त्याने कान दिला. पंख्याचा आवाज. खालच्या गल्लीत भंगारवाल्याची आरोळी. आणि मग बंद दारापलीकडून मोठ्या बॅगेची चेन, एक-एक दात सुटत जाणारी. थांबली. पुन्हा सुरू झाली.

त्याने दार उघडलं. आत कुणी नव्हतं. सायलीने सकाळी वर बसून बंद केलेली बॅग जमिनीवर उघडी होती. कपडे एका अंगाला दाबून सारले होते आणि दुसऱ्या अंगाला जागा केलेली होती. रेल्वेच्या बाकावर कुणासाठी सरकून जागा करतात तशी. मोकळ्या भागातलं अस्तर चुरगळलं होतं. त्याने हात लावला. ते ऊन होतं, सावडायला गेलं तेव्हा राख होती तसं.

त्या दिवशी त्याने आईला डब्याचं सांगितलं. कॅमेऱ्याचंही सांगितलं. द्वारकाबाईने पसरलेले पाय जवळ ओढून घेतले.

"खोटी नव्हती गं ती नाणी," तो म्हणाला. "खरीच होती."

"मी कुठं खोटी म्हनले? तिथं चालतेत का, तेवढं सांग."

तो पलंगाच्या कडेवर बसला.

"वाटंवरच उभी हाय ती, इंद्रा. म्हागं येता येईना न् पुढं जाता येईना. आता घरातलंच माणूस लांब निघालंय म्हनल्यावर ती त्याच्यासंगं निघणार. लेकरू तिचंच हाय, वाईट कराया न्हाई जायची. पर तिच्या संगं निघालेलं माणूस कुठं पोचंल?"

"आई, काहीही बोलू नकोस."

"मी बोलत न्हाई. तूच बघून आलास." तिने पदराने तोंड पुसलं. "तू रोज दुसऱ्याला बदलून देतोस, मग घरच्या लक्ष्मीला का परत लावतोस रं? आपले एकवीस रुपये दे तिला. हातानं दे. पुरे दे. एकबी ठिवून घेऊ नगंस, ज्याच्यापाशी राहील त्याच्याच म्हागं येईल ती."

त्याने मान हलवली. पण 'का परत लावतोस' याचं उत्तर त्याला माहीत होतं, आणि ते आईच्या डोळ्यांना डोळा देऊन सांगण्यासारखं नव्हतं.

५

एकवीस सुटे रुपये मिळवायला त्याला रविवारची सकाळ लागली. चहावाला म्हणाला, "साहब, छुट्टे का जमाना गया, स्कॅन मारो ना." किराणावाल्याने चॉकलेटची बरणी दाखवली. शेवटी शहराला लागूनच्या सातारा गावातल्या खंडोबापुढे बेलभंडारा विकणाऱ्या बाईने पिशवी सोडून मोजून दिले.

"जागरण घातलं का, साहेब?"

"नाही. घरचं माणूस जायचंय."

सोमवारी त्याने योगिनीला दीड वाजताच घरी पाठवलं आणि संध्याकाळपर्यंत येऊ नको म्हणून सांगितलं. साडेतीनला सायली टॅक्सी घेऊन येणार होती. तिचे युरो आणि कार्ड इथूनच घ्यायचं आणि दोघांनी मिळून विमानतळावर जायचं, असं ठरलं होतं. त्याने दाराला कडी घातली. डबा उघडला नाही. झापड येऊ नये म्हणून उभाच राहिला. छावणीच्या मैदानावर कुणीतरी बिगुलाचा सराव करत होतं. तोच सूर पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी एका जागी चुकणारा.

तीन वाजले. सव्वातीन झाले. काही नाही. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटण्याच्या खाली काहीतरी तुटल्यासारखंही वाटलं. तो बसला.

समोरच्या गादीतून हवा सुटल्याचा आवाज आला.

काचेपलीकडे दार दिसत होतं, भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. अर्धचंद्रातून मात्र हात आत आलेला होता, मनगटापर्यंत. हिरव्या बांगड्या कडेने काळ्या पडलेल्या. करंगळी बाहेर वळलेली, लहानपणी दारात चेमटलेली. नखांच्या कडांना हळद. हाताने खोबणीत एक नाणं ठेवलं आणि तो उताणा झाला.

इंद्रजीतने पहिला रुपया तळव्यावर ठेवला. बोटं मिटली आणि पुन्हा उघडली. तळवा रिकामा होता. दुसरा. तिसरा. त्याला भीती वाटत नव्हती याचीच त्याला भीती वाटली. सातव्याला बांगड्या दिसेनाशा झाल्या. दर रुपयागणिक हात थोडा थोडा मागे सरत होता. चौदाव्याला मनगट गेलं. विसाव्याला खोबणीच्या कडेवर चार बोटांची पेरं तेवढी उरली होती, आणि ती वळलेली करंगळी.

एकविसावा रुपया त्याच्या मुठीत होता.

बाहेर बिगुल थांबला. एवढा दिला की ही पेरंही जाणार होती. मग उद्या दुपारी दोन वाजता डबा, काच आणि रिकामी खुर्ची. परवाही. सायली गेलेल्या घरात नंतरची सगळी वर्षं. ज्याच्यापाशी राहील त्याच्या मागे येईल, असं आई म्हणाली होती. आपल्यापाशी राहिला तर आपल्या मागे. सायलीच्या नव्हे. यात कुणाचं काय जातंय?

अठरा वर्षांत त्या काउंटरवर त्याने कुणाचा पैसा बुडवला नव्हता.

"सुटे संपले गं," तो हळू म्हणाला. "एक राहिला. उद्या ये."

पेरं हलली नाहीत. ती तिथेच टेकून राहिली, वाट बघत.

६

दारावर थापा पडल्या. "पप्पा! कडी काय लावून बसलात?"

त्याने मूठ खिशात घातली, बाहेर येऊन दार उघडलं. सायली धापा टाकत आत आली. कपाळाला कुंकू, ओठाच्या कोपऱ्यात दही.

"आज्जीनं दही दिलं, ओवाळलं, स्वतः रडली आणि वर मलाच म्हणते, रडू नगं. चला ना, पावणेचार होतील." आणि तो काही म्हणायच्या आत ती धपकन त्या खुर्चीत बसली. "बाई गं, कोण बसलं होतं इथं? केवढी गरम झालीय गादी."

तो लगबगीने काउंटरच्या आत गेला. युरोचं पाकीट, कार्ड, पावती. काचेतून त्याने वर पाहिलं. सायली फोनमध्ये बघत होती. तिच्या उजव्या खांद्यावर आलेले केस सावकाश उचलले गेले आणि मागे, कानामागे नीट बसवले गेले. शाळेत जाताना रोज बसवले जायचे तसे. सायलीने नुसती मान तिरकी केली. तिच्या लक्षातही आलं नाही.

इंद्रजीतने खिशातून रुपया काढला, खोबणीत टाकला आणि बोटाने जोरात पलीकडे सारला.

"घे," तो म्हणाला. आवाज फाटला. "घे आणि जा."

सायलीने फोनमधून मान वर केली. खोबणीतला रुपया पाहिला. आणि कुणाच्याही आधी तो उचलला.

"अय्या पप्पा! शकुनाचा रुपया?" तिचे डोळे भरून आले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. "आणि 'जा' काय म्हणता? निघालेल्या माणसाला 'ये' म्हणतात. आई असती तर ओरडली असती तुम्हाला."

ती पाठमोरी झाली, कुर्त्याखालचा पाऊच चाचपून उघडला. "हा नाही खर्चणार. सगळ्यात आतल्या कप्प्यात टाकते. तुमच्याच नियमाप्रमाणे, आहे हे विसरून जाणार."

"सायली, तो रुपया..."

"काय?"

काय सांगणार होता? तिच्यासाठी नव्हता म्हणून? तुझ्या आईचा एक रुपया मी मागे ठेवला होता म्हणून? ती डोळे पुसत हसत होती.

"काही नाही," तो म्हणाला. "हो पुढं. मी कुलूप लावून आलोच."

तिच्या चपला जिन्यावरून उतरत गेल्या. त्या तळाला पोचल्यावर समोरची गादी वर आली.

तो खिडकीशी गेला. खाली पांढरी टॅक्सी उभी होती. सायली डावीकडून मागच्या सीटवर बसली. वयस्कर ड्रायव्हरने तिचं दार लावलं, गाडीला वळसा घालून उजवीकडे आला आणि मागचं दुसरं दार उघडून धरलं. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला, अदबीने, नजर खाली. मग वाकून काहीतरी आत सारल्यासारखं केलं आणि दार अगदी हळू लावलं. बाईमाणसाचा पदर अडकू नये म्हणून लावतात तसं.

नंतर त्याने पुढचं दार उघडलं आणि वर खिडकीकडे पाहत इंद्रजीतची वाट बघत उभा राहिला.

इंद्रजीतने कुलूप लावलं. धावत जाऊन तिला उतरवायला हवं, पाऊच काढून घ्यायला हवा, विमान सोडायला हवं, हे सगळं त्याला कळत होतं. त्याला फार भीती वाटत होती. आणि अर्धा जिना उतरून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण सदऱ्याची कॉलर सारखी करतोय, केसांवरून हात फिरवतोय.